आभासी वास्तवाचे पहिले धनी : घरगुती हेडसेटचा अनुभव आणि त्याची परिभाषा

१. विषय व व्याप्ती

नवे यंत्र बाजारात येते तेव्हा त्याचे नाव त्याच्या कारखानदाराने ठरविलेले असते. परंतु ते वापरताना जे अनुभव येतात त्यांची नावे बहुधा वापरणाऱ्यांनाच घडवावी लागतात. ही नावे जवळच्या शब्दसाठ्यातून घाईने उचललेली असतात, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकास ती बोधप्रद वाटतात. प्रस्तुत लेखात अशाच एका यंत्राचा विचार करावयाचा आहे. डोक्यावर बांधावयाचे आणि डोळ्यांपुढे संपूर्ण कृत्रिम दृश्य उभे करणारे जे यंत्र ‘व्हीआर हेडसेट’ या नावाने ओळखले जाते, ते २०१३ ते २०२० या काळात प्रथम ज्यांच्या घरी आले, त्यांना काय दिसले, काय सोसावे लागले आणि तो अनुभव त्यांनी कोणत्या शब्दांत बांधला, हे येथे क्रमाने पाहू.

हे आरंभीचे ग्राहक मुख्यत्वे अमेरिका व युरोपातील होते व त्यांचा परस्परसंवाद बहुतांशी इंग्रजीत चालला. मराठीचा संबंध येतो तो असा, की या यंत्रासाठी आपल्याकडे ‘आभासी वास्तव’ ही संज्ञा रूढ झाली आहे. ही संज्ञा मूळ अनुभवाला कितपत न्याय देते, हा प्रश्न लेखाच्या शेवटी विचारात घेतला आहे.

नव्या वस्तूचा स्वीकार समाजात कसा पसरतो याचे विवेचन एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे. त्यांच्या वर्गीकरणात अगदी प्रथम पुढे येणारा २.५ टक्के लोकांचा एक वर्ग असून त्यामागून १३.५ टक्क्यांचा दुसरा वर्ग येतो. पहिला वर्ग साहसापोटी वस्तू घेतो. दुसऱ्याच्या मताला शेजारीपाजारी मान देतात. आपल्या विषयातील ग्राहक दोन्ही भूमिका एकाच वेळी पार पाडीत होते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

२. पूर्वपीठिका

दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखवून खोलीचा प्रत्यय देता येतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये सिद्ध केले. डोके वळविले असता दृश्यही त्यानुसार बदलेल असे डोक्यावरील पहिले संगणकीय यंत्र अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखविले. ते छतापासून टांगलेल्या यांत्रिक बाहूस जोडलेले होते. १९८०-९० च्या दशकात जॅरॉन लॅनियर यांनी ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ ही संज्ञा लोकप्रिय केली. परंतु त्या काळची यंत्रे प्रयोगशाळांनाच परवडत. १९९५ मध्ये निन्टेन्डो कंपनीने ‘व्हर्च्युअल बॉय’ हे केवळ तांबड्या रंगात चित्रे दाखविणारे यंत्र घराघरांसाठी विकावयास काढले, ते वर्षभरात बंद पडले.

यानंतर या विषयावर दीर्घकाळ शांतता होती. ती १ ऑगस्ट २०१२ रोजी भंगली. त्या दिवशी पामर लकी या तरुणाच्या ‘ऑक्युलस’ कंपनीने ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या व्यवस्थेद्वारे अडीच लाख डॉलरांची मागणी केली. प्रत्यक्षात साडेनऊ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे २४ लाख डॉलर दिले. ३०० डॉलर देणाऱ्यास ‘रिफ्ट’ या हेडसेटचा प्रायोगिक संच मिळणार होता. हा संच कार्यक्रम लिहिणाऱ्या व्यावसायिकांसाठी आहे, सामान्य ग्राहकांसाठी नव्हे, असे आरंभीच सांगण्यात आले होते. तथापि केवळ कुतूहलापोटी तो घेणारेही पुष्कळ होते. डिसेंबर २०१२ मध्ये मिळावयाचे संच मार्च २०१३ च्या अखेरीस रवाना होऊ लागले. घरगुती अनुभवाच्या इतिहासाचा आरंभ येथून धरावयास हरकत नाही.

३. यंत्राची रचना

पुढील शब्दांचा उलगडा होण्यासाठी यंत्राची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. डोळ्यांपासून काही सेंटीमीटर अंतरावर एक पडदा असतो व त्याचा अर्धा अर्धा भाग एकेका डोळ्याच्या वाट्यास येतो. इतक्या जवळच्या वस्तूवर मानवी डोळा स्थिर होऊ शकत नाही. म्हणून मध्ये बहिर्गोल भिंग बसविलेले असते. पडदा भिंगाच्या नाभीय अंतरावर किंवा किंचित आत ठेवला, म्हणजे त्याची मोठी व सुलटी प्रतिमा दूरवर, यंत्रानुसार अनंत अंतरावर अथवा एक-दोन मीटरांवर, असल्यासारखी भासते. पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत अशा प्रतिमेस ‘आभासी प्रतिमा’ म्हणतात.

याच्या जोडीला डोक्याची हालचाल मोजणारी साधने असतात. डोके वळल्यापासून नवे चित्र डोळ्यांत शिरेपर्यंत जो काळ जातो तो एक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून, म्हणजे २० मिलिसेकंदांहून, अधिक नसावा, असा दंडक या क्षेत्रातील अभियंत्यांनी घालून घेतला होता. पहिला संच ही अट पूर्णपणे पाळू शकत नव्हता. शिवाय डोके कोणत्या दिशेस वळले एवढेच त्याला कळे. ते पुढे झुकले किंवा बाजूस सरकले हे कळत नसे. परिणामी पहावयास वाकलेल्या मनुष्याबरोबर सारे जगच वाकत असे.

४. जाळीचे दार

पहिल्या ग्राहकांच्या निवेदनांत सर्वाधिक आढळणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘स्क्रीन डोअर इफेक्ट’ होय. अमेरिकन घरांच्या बाहेरील दारास माशा-डासांसाठी बारीक जाळी लावलेली असते. या जाळीतून अंगण पाहावे तसे यंत्रातील जग दिसते, असा त्याचा अर्थ. पहिल्या संचाच्या पडद्यावर आडवे १२८० व उभे ८०० बिंदू होते. म्हणजे एका डोळ्याच्या वाट्यास आडवे ६४० बिंदू येत. ते सुमारे ९० अंशांवर पसरले असता एका अंशात जेमतेम ७ बिंदू मिळतात. निरोगी डोळा एका अंशात सुमारे ६० बिंदूंचा भेद जाणू शकतो. बिंदूंमधील काळ्या रेषा त्यामुळे स्पष्ट दिसत, आणि दूरचा मनुष्य अथवा पाटीवरील अक्षरे ओळखू येत नसत.

हा शब्द ग्राहकांनी स्वीकारला याचे मर्म असे, की त्यात तक्रार आहे तशीच कबुलीही आहे. जाळी म्हटली की तिच्या पलीकडे काहीतरी आहे हे गृहीत धरले जाते. दूरचित्रवाणीचा पडदा अस्पष्ट असला तर कोणी त्याला जाळीचे दार म्हणणार नाही, कारण पडद्यापलीकडे अंगण आहे असे कोणास वाटत नाही. रिफ्टबरोबर पाहिले जाणारे एक साधे प्रात्यक्षिक इटलीतील टस्कनी प्रांताच्या धर्तीवरील घर व बाग यांचे होते. तेथे करावयासारखे काही नव्हते. तरीही लोक तेथे रेंगाळत व घरातील वृद्ध माणसांना बोलावून ते दाखवीत.

२०१६ च्या यंत्रांत प्रत्येक डोळ्यास १०८० गुणिले १२०० बिंदू मिळाले आणि जाळी विरळ झाली. परंतु पायऱ्यांसारखे खाचे असलेल्या नव्या भिंगांमुळे काळ्या पार्श्वभूमीवरील शुभ्र वस्तूंभोवती प्रकाशाचे फराटे उमटू लागले. त्यांस ग्राहकांनी ‘गॉड रेज’ हे नाव दिले. ढगांआडून फाकणाऱ्या किरणांसाठी असलेला हा शब्द येथे दोष दाखविण्यासाठी, काहीशा उपहासाने, आला आहे. मराठीत ‘प्रभावळ’ हा शब्द या कामी सहज चालेल. मूर्तीमागील प्रभावळीचा अर्थ त्यात असल्याने उपहासाची छटाही टिकते.

५. पाय आणि पोट

दुसरा महत्त्वाचा अनुभव म्हणजे मळमळ. डोळे सांगतात की शरीर पुढे धावत आहे. अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की ते खुर्चीत स्थिर आहे. इंद्रियांच्या साक्षींतील या विसंवादातून प्रवासातील मळमळ उद्भवते, अशी उपपत्ती रीझन व ब्रँड यांनी १९७५ मध्ये मांडली होती. घरोघरच्या पहिल्या ग्राहकांनी तिचा पडताळा स्वतःच्या देहावर घेतला. संगणकावरील जुने धावपळीचे खेळ या यंत्रात खेळून पाहणारे अनेकजण काही मिनिटांतच घामाघूम होऊन यंत्र उतरवीत. यातून एक अनुभवसिद्ध नियमावली तयार झाली. प्रथम थोडाच वेळ वापरावे. अस्वस्थ वाटताच थांबावे, नेटाने पुढे जाऊ नये. खोलीत पंखा चालू ठेवावा. आल्याचा तुकडा चघळावा. यांपैकी दुसरा नियम सर्वांत मोलाचा ठरला. नेट लावणाऱ्यास पुढे यंत्राच्या नुसत्या वासानेही मळमळते, असे अनेकांनी सांगितले आहे.

अल्प वेळ व वारंवार वापर केल्याने बहुतेकांना, परंतु सर्वांना नव्हे, सवय होते. या सवयीस इंग्रजीत ‘व्हीआर लेग्ज’ म्हणू लागले. हलत्या जहाजावर तोल सांभाळणाऱ्या खलाशाला ‘सी लेग्ज’ मिळाले असे म्हणतात, त्यावरून हा प्रयोग घडला. येथे मराठीशी तुलना उद्बोधक होईल. मुंबई-कोकण बोटींच्या काळात मराठीने याच अनुभवासाठी ‘बोट लागणे’ हा प्रयोग केला; पुढे ‘गाडी लागणे’, ‘बस लागणे’ हे त्याच साच्यात निघाले. ‘मला बोट लागते’ या वाक्यात भोगणारा चतुर्थीत आहे व कर्तेपण वाहनाकडे आहे. बोट ‘धक्क्याला लागते’ आणि बोट ‘मला लागते’ यांत क्रियापद एकच. विभक्त्यंत पद बदलताच बंदराच्या जागी पोट येते. इंग्रजी प्रयोगात मनुष्य पाय कमावतो, मराठी प्रयोगात त्याला वाहन बाधते. इंग्रजी शब्दाने प्रावीण्याची भाषा आणली आणि त्याबरोबर एक अन्यायही केला. ज्याला सवय झाली नाही तो जणू कमी पडला, असे त्यातून सूचित झाले. वास्तविक दोष पुष्कळदा यंत्राच्या विलंबाचा होता. जुलै २०१४ पासून पाठविल्या गेलेल्या दुसऱ्या संचात डोक्याचे स्थानांतर टिपणारा कॅमेरा व प्रतिमेची फरफट कमी करणारा पडदा आला, तेव्हा अनेकांची मळमळ कमी झाली. त्यांचे पाय होते तेच होते. ‘मला हेडसेट लागतो’ असे मराठी वापरकर्ता म्हणू लागला, तर तो निदानाच्या अधिक जवळ असेल.

६. खोली आणि तिची पाठराखीण

२८ मार्च २०१६ रोजी ‘रिफ्ट’ ५९९ डॉलरांस व ५ एप्रिल २०१६ रोजी एचटीसी व व्हॉल्व्ह यांचे ‘व्हाइव्ह’ ७९९ डॉलरांस सामान्य ग्राहकांसाठी रवाना होऊ लागले. याशिवाय समर्थ संगणक हवा, तो खर्च वेगळाच. व्हाइव्हने खोलीच्या दोन कोपऱ्यांत प्रकाशकिरण फिरविणाऱ्या पेट्या बसवून मनुष्यास चालण्याची मोकळीक दिली. चालताना डोळे व अंतःकर्ण यांची साक्ष जुळत असल्याने मळमळीचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटला. परंतु त्याच्या जागी घराचा प्रश्न उभा राहिला. किमान २ मीटर गुणिले दीड मीटर मोकळी जागा आवश्यक होती. पलंग हलविणे, मेज दुसऱ्या खोलीत नेणे, छतावरील दिव्याला हात लागणे, पायात तार अडकणे यांनी या काळातील निवेदने भरलेली आहेत. भिंगावर सूर्यप्रकाश पडू दिल्यास तो एकवटून पडदा जळतो, ही गोष्टही काहींना किंमत मोजून कळली.

चालणारा मनुष्य भिंतीजवळ आला की यंत्रात प्रकाशरेषांची एक जाळी उमटे. या व्यवस्थेस ‘शॅपरोन’ असे नाव देण्यात आले. अविवाहित तरुणीबरोबर समाजात वावरणाऱ्या प्रौढ स्त्रीस हा शब्द लावीत असत. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र डोक्यावरील टोपडे असा आहे. अर्थात शिरोवस्त्राचा शब्द फिरून शिरोयंत्राकडेच आला. मराठीत नववधूबरोबर सासरी जाणाऱ्या स्त्रीस ‘पाठराखीण’ म्हणतात. परक्या घरी पाऊल जपून टाकावयास शिकविणारी, आणि गरजेपुरतीच पुढे येणारी, असा नेमका भाव त्यात आहे. ऑक्युलसने आपल्या तशाच व्यवस्थेस ‘गार्डियन’ म्हटले. कोकण-गोव्यातील गावाची सीमा राखणारा ‘राखणदार’ येथे सहज आठवतो. पारिभाषिक शब्द संस्कृतातूनच घडवावे लागतात असे नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसेल.

७. तेथे असण्याचा प्रत्यय

इतका त्रास व खर्च सोसूनही ग्राहक टिकून राहिले ते ज्या अनुभवासाठी, त्यास इंग्रजीत ‘प्रेझेन्स’ म्हणतात. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९८० मध्ये दूरस्थ यंत्रे चालविण्याच्या संदर्भात ‘टेलिप्रेझेन्स’ हा शब्द मांडला. मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये या अनुभवाचे दोन घटक वेगळे केले. आपण त्या ठिकाणी आहोत असे वाटणे हा एक. तेथे घडत आहे ते खरोखर घडत आहे असे वाटणे हा दुसरा. दोन्ही ठिकाणी मनुष्यास सत्य ठाऊक असते. उंच इमारतीबाहेर टाकलेल्या फळीवर चालावयास लावणारा एक कार्यक्रम २०१६ मध्ये निघाला. आपण दिवाणखान्यात आहोत हे जाणणाऱ्या मनुष्याचेही गुडघे त्या फळीवर थरथरतात. काही घरांत तर जमिनीवर खरीच फळी ठेवून पाहुण्यास तीवर उभे करीत.

पाहुण्यास दाखविणे हा तर या मालकीचा एक विधीच होऊन बसला. यंत्र घालणाऱ्यास खोलीतील माणसे दिसत नाहीत, आणि खोलीतील माणसांना त्याचे जग दिसत नाही. त्यामुळे अनुभव सांगून पटत नसे, घालूनच पाहावा लागे. घरधनी मग पट्टे आवळून देई, तार उचलून धरी, कपाळाचा घाम लागलेली गादी पुसून पुढच्यास देई. रॉजर्स यांच्या दोन वर्गांची कामे एकाच मनुष्याकडे आली होती ती अशी. कित्येक घरांत पहिल्या काही महिन्यांनंतर यंत्र केवळ पाहुणे आले म्हणजेच कपाटातून बाहेर निघे, हेही नमूद केले पाहिजे.

‘प्रेझेन्स’साठी ‘उपस्थिती’ हा शब्द योजणे मला योग्य वाटत नाही. उपस्थिती दुसऱ्यास दिसते व नोंदवहीत मांडता येते. येथे प्रश्न स्वतःस वाटण्याचा आहे. ‘भास’ म्हणावे तर तो ओसरल्यावर चूक होती असे आपण म्हणतो. फळीवर थरथरणारा मनुष्य चुकलेला नसतो. यासाठी ‘प्रत्यय’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘प्रत्यय येणे’ यात अनुभव आणि त्याविषयीची खात्री ही दोन्ही एकवटली असून, नाट्यसमीक्षेत ‘प्रत्ययकारी’ हे विशेषण नेमके याच अर्थाने वापरतात. प्रेक्षक रंगमंच विसरलेला नसतो, तरी त्यास प्रत्यय येतो. स्लेटर यांच्या दोन घटकांना अनुक्रमे ‘स्थलप्रत्यय’ व ‘घटनाप्रत्यय’ म्हणता येईल. व्याकरणातील प्रत्ययाशी घोटाळा होण्याचे भय भाषाविभागाबाहेर कोणास वाटेल असे दिसत नाही.

८. मालकीचा प्रश्न

लोकवर्गणी देणाऱ्यास इंग्रजीत ‘बॅकर’ म्हणतात. मराठीत यास ‘पाठीराखा’ म्हणावे की ‘वर्गणीदार’, हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. २५ मार्च २०१४ रोजी फेसबुक कंपनी ऑक्युलस सुमारे दोनशे कोटी डॉलरांस विकत घेणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा अनेक पाठीराख्यांस आपण फसविले गेलो असे वाटले. कायद्याने ते भागधारक नव्हते. त्यांना कबूल केलेला संच मिळालेला होता. तरी उभारणीत आपला नैतिक वाटा आहे ही त्यांची भावना ‘बॅकर’ या शब्दानेच पोसली होती. ‘माइनक्राफ्ट’ खेळाचे कर्ते मार्कुस पर्सन यांनी रिफ्टसाठी चाललेली बोलणी तत्काळ थांबविली. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने ज्यांनी वर्गणीतून संच घेतला होता त्यांना नवे यंत्र विनामूल्य देण्याचे घोषित केले. त्याने राग काहीसा निवळला.

पुढील दोन प्रसंगांनी ‘यंत्र माझे’ या वाक्याचा अर्थच तपासावयास लावला. ७ मार्च २०१८ रोजी कंपनीच्या संगणकीय प्रमाणपत्राची मुदत संपली व जगभरची रिफ्ट यंत्रे एकाएकी बंद पडली. यंत्रात बिघाड नव्हता, वीज होती, पैसे चुकते झाले होते. तरी मालकास स्वतःच्या घरी ते चालविता येईना. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली व भरपाई म्हणून १५ डॉलरांची खरेदी-सवलत मिळाली. त्यानंतर ऑक्टोबर २०२० पासून नव्या वापरकर्त्यांस फेसबुकचे खाते सक्तीचे झाले. खाते निलंबित झाल्यास विकत घेतलेले खेळही हातचे जातात, अशी तक्रार होऊ लागली. ही सक्ती ऑगस्ट २०२२ मध्ये उठली, परंतु कंपनीचे दुसरे खाते लागतेच. मराठीत ‘मालकी’ आणि ‘वहिवाट’ यांत भेद आहे. पहिल्या ग्राहकांनी पैसे मालकीचे मोजले आणि हाती वहिवाट आली, असे या प्रकरणाचे सार सांगता येईल.

९. समारोप : ‘आभासी’ या शब्दाविषयी

आता मूळ संज्ञेकडे वळू. ‘व्हर्च्युअल’ हे विशेषण सामर्थ्य वा गुण या अर्थाच्या ‘विर्तुस’ या लॅटिन शब्दापासून आले आहे. रूपाने नसले तरी परिणामाने असलेले, असा त्याचा आशय. फ्रेंच नाट्यविचारक आंतोनँ आर्तो यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रंगभूमीच्या संदर्भात या शब्दांची हीच जोडी योजली होती. ‘आभास’ या शब्दाची परंपरा दुहेरी आहे. न्यायशास्त्रातील ‘हेत्वाभास’ व काव्यशास्त्रातील ‘रसाभास’ यांत तो खोटेपणा वा उणीव दाखवितो, आणि आजच्या मराठीत हाच अर्थ प्रबळ आहे. उलट काश्मीरच्या प्रत्यभिज्ञादर्शनातील आभासवादात आभास म्हणजे प्रकाशणे; जे आभासते ते तेथे मिथ्या ठरत नाही.

भिंगाने घडविलेल्या प्रतिमेपुरता ‘आभासी’ हा शब्द शास्त्रशुद्ध आहे, हे तिसऱ्या विभागात दिसून आले. परंतु मळमळणारे पोट, दिव्यावर आपटलेला हात आणि फळीवर थरथरणारे गुडघे आभासी नव्हते. रूढ झालेली संज्ञा बदलावी असे माझे म्हणणे नाही. रूढीपुढे कोशकाराचा निरुपाय असतो. तिच्या भोवतीची परिभाषा मात्र अद्याप घडावयाची आहे, आणि ती घडविताना इंग्रजी शब्दास संस्कृत प्रतिशब्द एवढाच व्यवहार पुरेसा होणार नाही. ज्यांनी ही यंत्रे प्रथम घरी आणली त्यांनी जाळी, किरण, पाय आणि पाठराखीण यांच्या भाषेत जी साक्ष नोंदविली, ती आधी ऐकावी आणि मग त्या अनुभवास मराठीत काय म्हणतात ते पाहावे. ‘लागणे’ आणि ‘प्रत्यय येणे’ हे दोन प्रयोग आपल्या भाषेत पूर्वीपासून सिद्ध आहेत. पुढे एखाद्या मराठी घरात हे यंत्र येईल आणि कोणी ते उतरवून डोके धरून बसेल, तेव्हा त्याला आपली अवस्था नेमकी सांगता यावी, एवढी सोय परिभाषाकारांनी करून ठेवली तरी पुष्कळ झाले.